मकरेसाहेबाचा झेंडा

पितळी पट्टीवरची अक्षरं झिजलीत,
बोटाला अजून लागतात: ग्लासगो.
माझे आजोबा, सोनू तांडेल, माझगावच्या गोदीत फिटर,
पाळीला लागण्याआधी लेथवरची ही पट्टी पुसायचे,
मग हात जोडायचे.
मशीनला की त्या गावाला, कुणी विचारलं नाही.

वरचा साहेब मॅक्रे.
गोदीनं त्याचा मकरे केला.
कुणी इंग्रज म्हटलं की पाना आपटायचा,
"मी इंग्रज नव्हे!"
पगार मात्र त्यांचाच, बंगलाही,
आणि संपाच्या वर्षी
नावांवर फिरलेली लाल पेन्सिलही.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात
भोंगा उगाचच दहा मिनिटं वाजत राहिला.
आजोबांनी धीर करून विचारलं,
"साहेब, मग तुमचा झेंडा कधी?"
मकरे हसला नाही.
पाइप झटकला, म्हणाला,
"आम्ही सही करून दिला."

ती सही मी फार उशिरा वाचली.
पनामाच्या किनाऱ्यावर वसाहत मांडायला निघाले होते;
माणसं तापात गेली, पैसा समुद्रात,
आणि सतराशे सातात दप्तर लंडनला.
बाहेर दगड उडत होते, आत सह्या.
दुसऱ्याची जमीन घ्यायला गेले
नि स्वतःची देऊन बसले.

एकोणऐंशीत कौल घेतला, नुसत्या विधिमंडळासाठी.
"हो" जास्त पडले, तरी हरले.
अटच तशी: घरी बसलेला "नाही"त जमा,
यादीतला मेलेलाही "नाही"त.
आमच्याकडचे मेलेले
निदान मत देऊन जातात.

चौदा सालचा सप्टेंबर.
सकाळी सहाला पहिला निकाल,
मी टीव्हीपुढे, चहावर साय.
सून म्हणाली, "बाबा, तिथं आपलं कोण आहे?"
दुपारपर्यंत आकडा पक्का झाला:
पंचेचाळीस. पंचावन्न.
सोळा वर्षांची पोरंसुद्धा रांगेत उभी राहिलेली,
गोळी नाही, लाठी नाही.
फाउंटनजवळच्या दगडावरची नावं
बोटानं वाचत मोठा झालो मी.
असं हरणाऱ्यांची कीव करू
की हेवा?

लेथ केव्हाच दारूखान्यात भंगारात गेलं.
पट्टी तेवढी मी स्क्रू काढून आणलेली.
त्या दुपारी ती पुसत बसलो,
हात जोडायचे की नाही, ठरेना.
सून आतून ओरडली,
"चिंच लावा, बाबा,
नुसत्या फडक्यानं पितळ निघत नाही."