मजुरी

ग्लेस बे, एप्रिल. वितळलेला बर्फ तळघरात उतरलाय.
एफी मॅकइकर्न दारातच विचारते, "नुसतं बघायचे किती?"
बघायचे काही नाहीत, मी म्हणतो.

ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवतो.
आकडा चढतो. ती आकडा नाही, माझा चेहरा वाचते.
"ब्लीच मारलं तर?"
सगळेच विचारतात.
ब्लीचनं डाग जातो, बाई.
बुरशी भिंतीच्या पोटात.

मग मी लिहीत जातो:
प्लास्टिकचे पडदे, हवा ओढणारी यंत्रं भाड्यानं,
दोन माणसं, चार दिवस,
कचरा उचलणं वेगळं, नवी भिंत वेगळी.
अकरा हजार चारशे डॉलर.

विमा देणार नाही.
पाईप फुटला असता तर दिले असते;
हे पाणी हळूहळू आलं.
"म्हणजे नुकसान कसं, एकदम व्हायला हवं," ती म्हणते.
हेक्टर एकतीस वर्षं खाणीत होता.
त्याची छातीही हळूहळूच भरली.

नमुन्यासाठी भिंतीचा चौकोन कापतो.
आतल्या फळीवर पेन्सिल:
लाकूड ३८
खिळे २
रंग पुढच्या पगाराला
मजुरी ०

शून्याला त्यानं दोन डोळे काढलेत,
आणि हसू.

एफी चष्मा पुसते, पुन्हा वाचते.
माझ्या कागदावर मजुरीपुढे सहा हजार दोनशे;
मी कागद उलटा धरतो.

"ही फळी फेकायची?"
बुरशी खालून चढत शून्याच्या बोटभर जवळ आलीय.
नाही, मी सांगतो, लाकूड घासून स्वच्छ निघतं.

पेन्सिलही निघते.
ते मी अजून सांगितलेलं नाही.