डावी कड

उद्यमबागेत मी क्रँकशाफ्ट मोजते.
केसाच्या दहाव्या भागानं चूक झाली
तर आख्खा लॉट परत येतो, वर शिव्या.
म्हणून सेकंडहँड गाड्या बघायला निघाले
तेव्हा व्हर्नियर खिशात होता, सवयीनं.
नागोजी हसला, "गाडी बघूलालीस का नवरा गे?"

अडव्याप्पा मेस्त्रीनं एकच सांगितलं होतं,
"मीटर फिरवता येतंय. टायरची कड फिरवता येत न्हाई.
बोट लावून बघ. मग किंमत बोल."

पहिली सहाशे. चार सिलिंडर, गोवा पासिंग,
म्हापशाच्या कुणा दातांच्या डॉक्टरची.
बसले तर नुसते चवडे टेकले.
सुरू केली, तर समोरच्या वखारीतला म्हातारा
पेपर खाली ठेवून बाहेर आला.
मी वाकून टायर बघितला.
मधोमध पोळपाटासारखा सपाट,
आणि दोन्ही कडांना कारखान्यातले रबरी केस
अजून तसेच, जावळासारखे.
एवढी ताकद पोटाखाली घेऊन
हा माणूस फक्त सरळ गेला होता.
धारवाडपर्यंत सरळ. येताना पण सरळ.

चालवून बघायला नेली, तर दुसऱ्या गेटात फाटक पडलं.
मालगाडी. डबे मोजून कंटाळले.
चार सिलिंडर उभ्या जागी मांडीला इस्त्री करत होते.
शेजारची बाई स्कूटी बंद करून
निवांत शेंगा सोलत होती.
तिनं मला दोन दिल्या.

दीडशेवाला गडहिंग्लजचा पोरगा. एमएच नऊ.
एनओसी काढा, टॅक्स परत भरा,
सीमेच्या अलीकडं यायचं तर गाडीलाही कागद लागतात.
पण टायर! कड नावालाही उरली नव्हती.
फूटपेगची टोकं घासून चमच्यागत चकचकीत.
त्या एवढ्याशा इंजिनात जे जे होतं
ते ते त्यानं काढून घेतलं होतं,
आंब्याची कोय पांढरी होईस्तोवर चोखावी तसं.
मला त्याचा हेवा वाटला.
गाडी नको वाटली.

तिसरी अडीचशे, केए बावीस,
कुसमळीच्या मिंगेलच्या अंगणात, ताडपत्रीखाली.
दोन्ही पाय पुरे टेकले, टाचेसकट.
आवाज ना गुरगुर ना किरकिर,
आमच्या खात्यातल्या चांगल्या लेथसारखा.
मग बोट लावलं.
उजवी कड शेवटपर्यंत झिजलेली.
डावी मध्येच थांबलेली,
पट्टीनं आखल्यागत रेघ, तिच्यापलीकडं कोरं रबर.
मी काहीच विचारलं नाही.
तोच म्हणाला,
"चोर्ल्याला गा. डाव्या वळणात. मागं भाऊ होता."
मग थोड्या वेळानं,
"चालतोय आता. काठी बी सोडली."
मग आणखी थोड्या वेळानं, चावी पुसत,
"तवापासनं डावीकडं ही वळतच न्हाई.
म्हंजे, मी."

पंचाऐंशी म्हणाला, ऐंशीला दिली.
निघताना हँडलवर हात ठेवून उभा राहिला,
"उजवीकडं झकास जाते, बघा."

किती सीसी घ्यावं, हे वर्षभर सगळेच सांगत होते.
नागोजी म्हणे चारशेच्या खाली हात लावू नको.
आमचा फोरमन म्हणे बाईमाणसाला शंभर रग्गड.
मिंगेलनं तेवढं सीसीचं नाव काढलं नव्हतं.

जांबोटी रस्त्यावर पहिलं डावं वळण आलं
आणि माझाही हात आपोआप आखडला.
गाडीला ठाऊक होतं, का मला ऐकल्याचा परिणाम,
सांगता येत नाही.
मागून वाळूचा ट्रक हॉर्न मारत गेला.
पुढच्या वळणाला जरा जास्त झुकले.
त्याच्या पुढच्याला परत घाबरले.

घरी आले. दारातल्या दिव्याखाली
व्हर्नियर काढला शेवटी,
डाव्या कडेचं कोरं रबर मोजलं.
अठरा मिलिमीटर.

आमच्या खात्यात
एवढ्याला फार म्हणतात.