शेकडा पाच

जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून एक पिल्लू निसटलं,
एकविसाव्या दिवशी, म्हणजे तसं अर्धं आयुष्य झाल्यावर,
आणि बांधावरच्या शेवग्याखाली जाऊन राहिलं.
ब्रॉयलर पळत नाही. त्याची छाती त्याला पळू देत नाही.
हे मात्र चालत गेलं,
गळलेली पानं टिपत राहिलं
एकेक, हिशेबानं, दाण्यासारखी.
आठ दिवस मांजराला कसं दिसलं नाही, कोण जाणे.
उचललं तेव्हा
पाय हळदीत बुडवल्यासारखे.

त्याच आठवड्यात पारोळ्याहून सोयाढेपेचा भाव आला.
मी तो कागद दोनदा वाचला
आणि खुरपं घेऊन शेवग्यावर चढलो.

निंबा मास्तर म्हणाले, पाला सावलीत वाळव,
उन्हात त्याचा जीव जातो.
बोरीकाठी, चैत्रात,
सावलीसुद्धा वाळवते.
दुसऱ्या सांजेला खाटेवरचा पाला चुरला
तर तळहात हिरवे,
वास थोडा चहाचा, थोडा ओल्या भिंतीचा.

दळणार कोण?
झिपरू गिरणीवाला हसला,
"तुले काय येडं लागनं का, भो?
पाला बकऱ्या खातीस."
तरी शनिवारी, सगळ्यांचं झाल्यावर, पट्टा चढवलाच त्यानं.
दोघांच्या भुवया हिरव्या झाल्या.
रविवारी पहिला डबा लीलाक्काचा, कळण्याचा.
ती दुपारी भाकरी हातावर घेऊन माझ्या दारात:
"खाय आते! कोंबड्यास्नं उष्टं आम्ही खावानं का?"
खाल्ली. ठेच्याबरोबर बरी लागली.

शेडमध्ये गोणपाट बांधून तीन कप्पे केले.
पहिल्यात रोजचं खाद्य.
दुसऱ्यात शेकडा पाच पाला.
तिसऱ्यात पंधरा. ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं,
ते माझ्या मनचं होतं.

लोभाचा चेहरा मी तिसऱ्या कप्प्यात पाहिला.
पिलं ताटलीशी यायची, चोच बुडवायची,
मान झटकायची
आणि मग नुसती उभी राहायची, माझ्याकडे बघत,
लग्नाच्या पंगतीत मीठ विसरल्यावर लोक बघतात तशी.
पस्तिसाव्या दिवशी तीनशे ग्रॅमनं मागं.
पानात चोथा फार असतो, पोटाला दम लागतो,
आणि ज्याला उणेपुरे बेचाळीस दिवस मिळालेत
त्यानं पचवायला वेळ कुठून आणावा.

दुसऱ्या कप्प्यात काहीच घडलं नाही.
रोज वजन, रोज वही,
रोज पहिल्याइतकाच आकडा, कधी चार ग्रॅम इकडे, कधी तिकडे.
काहीच न घडण्याचा एवढा आनंद
मला याआधी कधी झाला नव्हता.
फक्त पाय पिवळे.

आसिफ पिंजारी टेम्पो घेऊन आला पहाटे तीनला,
टॉर्च पायांवर मारून थबकला.
"गावरान मिसळली का यात?"
नाही.
"मग हळद पाजली?"
मी शेवग्याकडे बोट दाखवलं. अंधारात त्याला काही दिसलं नसावं.
भाव वाढवला नाही त्यानं,
पण पाच टक्क्यांवाल्या आधी मोजून घेतल्या.

पोत्यामागे वाचलं ते सांगण्याजोगं नाही,
झिपरूची दळणावळ वजा जाता
एक पिंप आणि दोन गोणपाट आले.
घरात मात्र विमल दोन दिवस बोलली नाही.
"आमटीत यंदा तुझी वही टाकू का?"
शेवगा बोडका उभा,
फुलाचा मोसम मी विळ्यानं काढून घेतलेला.

ते निसटलेलं पिल्लू काट्यावर सगळ्यात हलकं भरलं.
आसिफनं परत केलं.
आता सकाळी ते खुंटाखाली जाऊन उभं राहतं,
मान वर करून.
वर बोटभर लालसर कोंब आलेत,
अजून त्यांना पान म्हणता येत नाही.
त्याला घाई नाही.
वहीचं पुढचं पान मी आखून ठेवलंय,
वर लिहिलंय: शेकडा सात?
विमलनं ते अजून पाहिलं नाही.