ठराव क्रमांक सात

विषय लिहिला : रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांच्या सुरक्षेबाबत.
तेवढ्यात शेवंता आत्राम दारातूनच म्हणाली,
"पादचारी कोन बाप्पा? आमी त पायदळ येतो."
सभा हसली. मीही.
शब्द खोडला नाही,
नुसती पेन टेकवून बसले.

रस्ता चौपदरी झाला
तेव्हा शाळा पलीकडे राहिली, हातपंप अलीकडे.
नकाशात दोन्ही एकाच गावात आहेत.
दुभाजकात कण्हेर लावली आहे,
तिच्यातून जाऊन-येऊन पोरींनी
एक वाट पाडली, वीतभर रुंद.
तिला कुठलं कलम लागत नाही.

आणि ती तान्ह्या पोळ्याची रात्र.
मोटारसायकल घसरलेली, एकशेआठ आलेली,
तिचा दिवा पार पराटीवरून फिरत होता.
पायलट मोतीराम टेकाम
(गाडी जमिनीवरची, हुद्दा पायलटचा,
याचं त्यालाच हसू यायचं)
बॅटरी घेऊन मागच्यांना हात करत उभा.
डॉक्टरीणबाई स्ट्रेचरचा पट्टा आवळत होत्या.
पहिला ट्रक हळू झाला.
दुसरा हळू झाला.
तिसरी गाडी पांढरी होती. एवढंच सांगता येतं.

मोटारसायकलवाला वाचला.
आज सभेत मागे बसलाय,
पायात रॉड, नजर सतरंजीवर.

तर ठराव असा, की
दिवा फिरत असलेल्या, थांबलेल्या गाडीजवळून जाताना
एक पट्टा मोकळा सोडावा, आणि वेग —
किती लिहू?
सरपंच म्हणाले, वीस.
कोणी म्हणालं, चाळीस लिहा, वरून मंजूर तरी होईल.
मोतीरामचा बाप कानानं अधू.
शेजाऱ्याकडून समजून घेतलं त्यानं,
गुडघ्यावर हात देऊन उठला.
"बैल बिचकू नये, इतला."

मी तसंच लिहिलं.
पंचायत समितीतून फोन येईल :
मॅडम, हे किलोमीटरमध्ये कळवा.
कळवीन.
पण रजिस्टरात शाई वाळली आहे.
सूचक टेकाम. अनुमोदक आत्राम, डाव्या हाताचा अंगठा.

सभा सुटली तेव्हा दिवेलागण.
पलीकडे राहणारे सगळे कडेला थांबलो,
मी रजिस्टर छातीशी धरून.
ट्रकांचा वारा पदराला ओढत होता.
शेवंतानं माझा दंड घट्ट पकडला,
अंगठ्याची शाई बाहीला लागली.
"थांब मॅडम. आता नोको.
आता बी नोको.
...
चाल."