रोजकीर्द

रात्री पावणेदोनला ई ड्राइव्ह भरला
आणि मकरपुऱ्यातल्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याचं टपाल थांबलं.
फोन मौलिकचा.
"मॅडम, लॉगच्या फायली बत्तीस हजार झाल्यात.
बधी जुनीच आहेत. उडवून टाकू?"

हात लावू नकोस, म्हटलं.
दोन्ही टेपा डब्याच्या पिशवीत टाकल्या
आणि चपला हातात घेऊन जिना उतरले,
अण्णांना जाग येऊ नये म्हणून.

अण्णा रावपुऱ्यात कापडाच्या पेढीवर
चाळीस वर्षं रोजकीर्द लिहीत.
आधी कीर्द, मग खतावणी.
गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत ओळ पडलेली असे.
खाडाखोड नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं,
खाली उलटी नोंद करायची.

सर्व्हरही तेच करतो. त्याला कुठल्या पेढीवर शिकवलं कोण जाणे.
पत्र आलं, नोंद.
पत्र हलवलं, नोंद.
पत्र पुसलं तर पुसल्याचीही नोंद.
मग सवडीने खतावणी.
आणि बॅकअपने सगळं नीट उतरवून घेतलं
की मगच जुन्या कीर्दीला रजा.

अकरा रात्री बॅकअप हिरव्या अक्षरांत सांगत होता: यशस्वी.
अकरा रात्री तो एका रिकाम्या फोल्डरची
इमानेइतबारे प्रत काढत होता.

मी पोचेपर्यंत मौलिकने घाबरून बटण दाबलेलं.
आता मुख्य फाइलच उघडेना.
तो काही बोलला नाही, नुसता एसीचं तापमान कमी करत राहिला.

शुक्रवारची टेप घरी न्यायची, ही मोहितेकाकांची पद्धत.
ते निवृत्त झाले, पद्धत माझ्या गळ्यात पडली.
गेल्या शुक्रवारची टेप कोरी निघाली.
त्याआधीची, लोणच्याचा वास लागलेली,
जरा कुरकुरली आणि बोलायला लागली.

बारा दिवसांपूर्वीचा कारखाना उभा राहिला.
त्यावर एकेक लॉग, क्रमाने.
दहेजच्या ऑर्डरी. गेटपास. कोणाच्या मुंजीची रजा.
मंगळवारी चार वाजता कॅन्टीनकडून सर्वांना:
खमण उरलंय, येऊन जा.
यांतच कुठेतरी कोणी राजीनामा लिहिला असेल,
चार मिनिटांनी पुसला असेल;
तोही आत्ता पुन्हा लिहिला गेला, पुन्हा पुसला गेला,
आणि मला दिसला फक्त सरकणारा आकडा.

एकोणीस हजार सातशे चार.
थांबला.
पुढची फाइल जागेवर नव्हती.
एक नाही, म्हणजे पुढच्या बारा हजार असून नसल्यासारख्या.
मौलिक म्हणाला, "एकच आहे, सोडून पुढे जाऊया ने?"
मी त्याच्याकडे पाहिलं
तेव्हा माझा चेहरा अण्णांसारखा झाला असावा.

पावणेपाचला सापडली.
अँटीव्हायरसने संशयित म्हणून कोठडीत टाकलेली,
एक एमबीची, निरपराध.
सोडवली.
आकडा हलला.

मग खरा, पूर्ण बॅकअप. दोन वेळा तपासला.
आणि बत्तीस हजार फायली एका दमात गेल्या,
ड्राइव्हवर एवढी मोकळी जागा
की मला उगाच हुरहूर वाटली.

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर थांबले.
खाली चिखलावर एक मगर,
सकाळ झाल्याची कुठलीही नोंद न घेता पडलेली.

घरी अण्णा जागेच.
"ताळा जमला?"
"जमला. एका ओळीसाठी अडला होता."
"सापडली?"
"सापडली."
त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं, जास्त वेळ.
"माझे अडीच रुपये," म्हणाले,
"चौऱ्याहत्तरच्या दिवाळीचे,
अजून नाही सापडले."
बिस्कीट तुटून कपात पडलं.