स्टूल म्हणून घेतलं होतं

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं,
ते पण रात्री अडीचला.
आधी नळ खाकरतो, हवा सोडतो,
मग गढूळ येतं, मग बरं.
मधले चार दिवस टाकीत आहे ते आपलं,
आणि तेच तोटीतून ठिबकत राहायचं.
एका रात्री खाली बादली लावून मोजलं,
पहाटेपर्यंत दीड कळशी.
दीड कळशीत माझी आंघोळ होते,
केसांसकट.

चन्नवीर प्लंबर म्हणाला, यायचेच दोनशे,
पुढचं काम बघून.
हजार विड्यांना काय मिळतं हे त्याला ठाऊक आहे.
त्याची बायको माझ्याच मागं रांगेत उभी राहून
माल देते.

म्हणून कुंभार वेशीतल्या दुकानात मीच गेले.
वस्तूचं नाव माहीत नव्हतं.
अंगठा नि बोट जोडून गोल केला,
मधे भोक असतं म्हणून
दुसऱ्या हाताची करंगळी त्यात घातली.
काउंटरवरची दोन पोरं तोंड फिरवून हसली.
मी हात तसाच धरून ठेवला.
"वायसर," मालक म्हणाला, गल्ल्यात बघत.

टाकीचा कॉक आधी बंद करायचा असतो
हे भिजल्यावर कळलं.
वायसर मोठा निघाला.
मग तेंदूच्या पानावर फर्मा ठेवून
रोज जी फिरवते, तीच कात्री
रबराभोवती फिरवली.
बसला.
कात्रीची धार मात्र गेली,
दुसऱ्या दिवशी साडेसातशेच विड्या झाल्या.

आता राहिला टाकीतला फ्लोट.
तो वर. हात पुरत नाही.
माळ्यावर सासऱ्यांचा हातमाग होता, सुटा करून बांधलेला,
अस्सल सागवान.
नवरा भिवंडीहून फोनवर म्हणाला,
मागाला करवत लावू नको,
मी आल्यावर बघू.
तो दसऱ्याला येतो.
तेव्हा चैत्र चालू होता.

मोरीच्या तोंडाशी बसून चार पाय कापले,
वर फळी ठोकली. सहा खिळे वाकले, चौदा बसले.
उभं केलं तर डुगडुगलं.
लांब पाय जरा कापला.
मग दुसरा लांब वाटला,
तो कापला.
मग पहिल्याचीच चूक दिसली.
श्रीलता शेजारी बसून कापलेले तुकडे गोळा करत होती,
त्यांचं घर बांधत होती.
दिवेलागणीपर्यंत तिचं घर दोन मजली झालं
आणि माझं स्टूल वीतभर.

डुगडुगायचं थांबलं तेव्हा कौतुकानं
उचलून खोलीत नेलं.
तिथं परत डुगडुगलं.

मग कळलं. शहाबादी फरशीच मोरीकडं उतरती,
पाणी जावं म्हणून.
स्टूल पहिल्यापासून सरळ होतं.

हसू आलं, रडू पण आलं असतं,
पण सूप भरायचं होतं.
त्यावरच बसून विड्या वळल्या.
फळीच्या कडेला बारीक बारीक खाचा आहेत,
सुतानं पाडलेल्या, किती वर्षांच्या कोण जाणे.
मांडी हलवली की त्या लागतात.
गुडघ्यांना मात्र बरं पडतं.

पाचव्या रात्री टाकी भरून वाहायला लागली.
शेजारच्या कोंड्याल काकू भिंतीवर थापा मारून
तेलुगूत ओरडल्या, मी तेलुगूतच काहीतरी परत केलं.
स्टूल मोरीच्या तोंडाशी ठेवलं,
जिथं कापलं तिथंच,
त्या एका जागी ते दगडासारखं उभं राहतं.
त्यावर मी चढले.
खांद्यावर श्रीलता, अर्ध्या झोपेत.
"लाल चेंडू दिसतो का?"
"दिसतो."
"तो अडकलाय. हलव. वर उचल."
तिची ओली टाच माझ्या कानाशी.
वरून पाणी मानेवर, गार,
अख्ख्या सोलापुरात त्या घडीला
एवढं गार काहीच नसेल.

"अम्मा, थांबलं."

खाली उतरायची घाई मी केली नाही.