उप

शिंत्रेकाकांचं नाव मीच चुकवलं.
दौलतगंजात आमचा छापखाना, पायानं चालवायचं यंत्र,
आणि ग्वाल्हेरात ‘शिं’ बसवला की
बोटं आपोआप ‘दे’च्या खणात जातात.

पाचशे पत्रकं. वर ठळक खिळ्यांत
राष्ट्रपतिपदासाठी श्री निर्विकल्प महाराज,
अखंड दत्तराज्य परिषद.
रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी, तहसिलीमागे एक औदुंबर.
तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत,
उपराष्ट्रपतिपदासाठी विनायक शिंदे,
निवृत्त निरीक्षक, वजनमापे.

सराफ्यात दुपारपर्यंत गलका :
महालातलं कुणी उभं राहिलं म्हणे!
एक सराफ हार घेऊन चिटणिसांच्या गोठीत पोचला,
दारात बनियनवर काका बघून
हार परत पिशवीत.

काका छापखान्यात आले. ओरडले नाहीत.
म्हटलं, पुन्हा छापून देतो.
‘कागद काय झाडाला लागतो?’
खिशातून निळं पेन काढलं, बाकावर बसले,
आणि पाचशे वेळा ‘दे’ खोडून वर ‘त्रे’ लिहिला.
दालबाजारात तीस वर्षं
पारड्याखालचं मेण नखानं खरवडलेला माणूस,
दुसऱ्याच्या नावाचा जोख
आपल्या तागडीत कसा ठेवून घेईल?

मी विचारलंच शेवटी,
काका, तुम्ही कशाला यात? तेही दुसरे?
पेन न थांबवता म्हणाले,
‘पादुका दोन असतात रे.
एक घालून कोण चालतं?’

उपराष्ट्रपती राज्यसभेत उंच खुर्चीवर बसतो,
हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं.
मग स्टुलावर पाट, पाटावर काका,
समोर डाळ निवडणाऱ्या उमाकाकू,
‘माननीय सदस्य, कृपया बैठ जाइए.’
काकू म्हणायच्या, बसलेच आहे,
तुम्ही उतरा, नळाला पाणी आलंय.

जूनमध्ये महाराजांचा अर्ज बाद झाला.
महाराजांनी मौन धरलं, आश्रमाला कुलूप.
आता प्रश्नच मिटला, असं गोठ म्हणाली.
पण उपराष्ट्रपतीचे अर्ज जुलैत असतात.
काका एकटे निघाले,
पहाटेची दिल्ली गाडी, दशम्यांचा डबा,
आणि अर्जावर पाच सूचक :
दूधवाला हरबिलास, तालमीतला मुन्ना उस्ताद,
कचोरीवाला रामदयाल, उमाकाकू,
पाचवा मी, नावाचा गुन्हेगार.

साहेब म्हणाले म्हणे,
हे सगळे खासदार असावे लागतात.
‘ठाऊक आहे. नियम पाठ आहे माझा.’
मग हे कोण?
‘यांना मी पारखून घेतलंय.’
साहेबांनी चहा मागवला. आणि शिक्का मारला.

अनामत परत मिळाली, पूर्ण.
काका ती मोजत म्हणाले, जप्त व्हायला
आधी लढू द्यावं लागतं.
येताना मथुरेला पेढे घेतले,
हातात तोलून पाहिले,
वीस ग्रॅम कमी भरतात म्हणून भांडले,
गाडी सुटता सुटता वाचली.

पाच वर्षांनी महाराज मौनातून बाहेर आले.
या खेपेला जोडीला मुरैन्याचा एक गजकवाला,
गाडी असलेला.
त्याचं नाव मी पहिल्याच फटक्यात बरोबर जुळवलं.
काकांनी ते पत्रक चष्मा लावून वाचलं,
एक काना कमी आहे म्हणाले.
होता.

उरलेली जुनी रद्दी रामदयालकडे गेली.
काका जाऊन आता सहा महिने.
काल सकाळी बेडई घेतली तर द्रोणाखाली तोच कागद.
बटाट्याचा रस्सा सांडलेला.
माझा ‘दे’ काळा, जिथल्या तिथं,
काकांची निळी शाई मात्र फुटून
ओळ ओलांडून वर वर गेलेली,
पार महाराजांच्या नावापर्यंत.